बिनतिकिटाची अंगठी

१

"मर्ल टॉफ्टीने माझ्या सासूबाईंची अंगठी चोरली," लॉरेन हॅगबर्ग म्हणाली, आणि तेही पोस्टाच्या खिडकीपाशी, रांगेतल्या सगळ्यांच्या देखत.

खिडकीच्या आत पोस्टमास्तरीण रोवेना क्विस्टने हातातला शिक्का खाली ठेवला. मर्ल तिचा पोस्टमन. वीसपेक्षा जास्त वर्षं मिनेसोटाच्या या कोपऱ्यात बर्फातून गाडी रेटत घरोघरी टपाल टाकणारा, कुणाचं औषध आलं तर पेटीत न टाकता दारात जाऊन देणारा माणूस. त्याला चोर म्हणायला जीभ कशी रेटते, असं रोवेनाच्या ओठावर आलं होतं. पण पोस्टमास्तरणीला असं बोलता येत नाही. तिने एवढंच विचारलं, "कुठून चोरली?"

"आमच्या घराच्या टपालपेटीतून. केसीने आमच्या डेरेकशी ठरलेलं लग्न मोडलं ना. गेल्या मंगळवारी सकाळी ती अंगठी पेटीत ठेवून गेली, असा तिने मला निरोप पाठवला. दुपारी डेरेक बघतो तर पेटीत नुसतं टपाल. मधे पेटीला हात कुणाचा लागला? मर्लचा."

"पाकिटात होती? तिकीट लावलेलं?"

"तिकीट कसलं, रोवेना? दहा मैलांवरून आणून ठेवली तिने!"

रोवेनाने डोळे मिटून घेतले. लॉरेनच्या डोक्यामागे भिंतीवर तिनेच लावलेला ठळक अक्षरांतला कागद होता. टपालपेटीत टपालखर्च भरल्याशिवाय कोणतीही वस्तू टाकणं कायद्याने मना आहे. पेटी तुमची, खांब तुमचा, पण आतली जागा टपालाची. किती वर्षं ती हे ओरडून सांगत होती! तरी लोक पेटीत काकड्या ठेवत, चर्चची पत्रकं ठेवत, उसनी घेतलेली करवत परत ठेवत. एका महाभागाने तर मांजराचं पिल्लू ठेवलं होतं. आणि आता अंगठी.

लॉरेन तक्रार वरपर्यंत करून आली होती. संध्याकाळी जिल्हा कचेरीचा फोन आला. शुक्रवारी चौकशी, तोपर्यंत मर्ल टॉफ्टीने घरी बसावं. अंगठीचा पत्ता लागला नाही तर नोकरी जाणार हे साहेबाने सांगितलं नाही, पण त्याच्या आवाजावरून कळत होतं. मर्लच्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

मर्लने गाडीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "हॅगबर्गांच्या पेटीवरची झेंडी वर होती," तो म्हणाला. "आत पाठवायची पाकिटं होती, ती घेतली. त्यांचं टपाल ठेवलं, झेंडी पाडली. अंगठी नव्हती."

"मर्ल, मला माहीत आहे की तू—"

"तुला माहीत आहे. बाकी गावाला नाही." त्याने टोपी घातली. "वीस वर्षं मी यांच्या म्हाताऱ्यांची खबर घेतोय, रोवेना. आज रांगेत सहा माणसं होती. एकाच्या तोंडून 'छे, मर्ल नाही' असं निघालं नाही."

२

लॉरेनच्या स्वयंपाकघरात कॉफी होती, लिंबाचे गोड बार होते आणि मर्लची निंदा होती. तिन्ही न मागता मिळत होती.

"त्याने नवी पिकअप गाडी घेतली, बघितलीस?" लॉरेन म्हणाली. "पोस्टमनच्या पगारात?"

"त्याची जुनी गोठलेल्या तलावावरून जाताना बुडाली, लॉरेन. विम्याच्या पैशातून घेतली. अख्ख्या गावाने बर्फ फुटताना बघितलंय."

"मी आपलं एक विचारलं."

रोवेनाने बार खाली ठेवला. हे 'आपलं एक विचारलं' तिला आयुष्यभर छळत आलं होतं. इथली माणसं तोंडावर काही बोलत नाहीत. रांगेत मर्लचं नाव घेतलं तेव्हा लॉरेनला एवढं धैर्य आलं, कारण मर्ल तिथे नव्हता.

"मंगळवारची सकाळ सांग," ती म्हणाली. "नीट, पहिल्यापासून."

"उजाडताच मी गेले. चर्चमधल्या आजारी लोकांना कार्डं पाठवते मी, तुला ठाऊक आहे. रोज दोन-तीन तरी असतातच. ती पेटीत ठेवली, झेंडी वर केली, परत आले. पाय घसरला म्हणून डेरेकला म्हटलं, दुपारी तू जा."

डेरेक टेबलाच्या कडेला बसून कपाचा कान कुरवाळत होता. अठ्ठावीस वर्षांचा आडदांड माणूस, पण आईसमोर त्याची मान वर होत नव्हती.

"झेंडी पडलेली होती," तो म्हणाला. "आत विजेचं बिल आणि बी-बियाण्यांचा कॅटलॉग. बस."

"तू केसीला फोन करून विचारलंस, नक्की ठेवली का म्हणून?"

"नाही."

"का?"

डेरेकने खांदे उडवले. "तिला बरं वाटलं नसतं."

"आणि मर्लला चोर म्हटलेलं बरं वाटतं?" रोवेनाचा आवाज चढला. डेरेक लाल झाला. लॉरेन उठून उगीचच कॉफी ओतू लागली.

"ती अंगठी ह्यांच्या आजीने नॉर्वेहून बोटीत आणली होती," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात निंदा नव्हती. "सासूबाईंनी मरताना माझ्या हातात दिली. मी डेरेकला दिली. आता मी काय तोंड दाखवू त्यांना?" तिने डोळे पुसले, पण लगेच सावरली. "ग्लेन शूट्झला विचार की. तोही त्या सकाळी पेट्यांपाशी घुटमळत होता."

३

हमरस्त्याला जिथे खाणीचा रस्ता मिळतो तिथे तीन घरांच्या टपालपेट्या एका फळीवर ओळीने उभ्या. हॅगबर्ग, शूट्झ आणि लुंडीन. ग्लेन शूट्झ त्यांचा स्वयंघोषित काळजीवाहू. तो गॅरेजमध्ये काहीतरी ठोकत होता, आणि रोवेना आली तरी ठोकतच राहिला.

"मंगळवारी मी पेपर आणायला गेलो होतो," तो म्हणाला. "पेपर आणणं गुन्हा आहे काय?"

"तुझा पेपर टपालपेटीत टाकतात?"

"नळीत टाकतात गं बाई, पेटीखालच्या नळीत! तुझा कागद वाचून वाचून पाठ झालाय."

"केसी दिसली?"

"तिची गाडी आली, मी वळलो. रडत होती म्हणून गेलो नाही जवळ. रडणाऱ्या बाईशी काय बोलायचं माणसाने?" त्याने खिळा दातातून काढला. "जाताना मात्र रडत नव्हती. तूच काय ते ताड."

रोवेनाच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. पोरीने अंगठी ठेवलीच नसेल तर? विकली असेल आणि निरोप तेवढा पाठवला असेल?

"ती फळी मी नवी बसवली, पाहिलीस?" ग्लेनची गाडी आपल्या आवडत्या रुळावर आली. "जानेवारीत बर्फ ढकलणाऱ्या गाडीने तिन्ही पेट्या उडवल्या. दर वर्षी उडवतो तो गाढव. मी तिघांना सारख्या काळ्या पेट्या आणल्या, जुन्या झेंड्या सुट्या करून त्यांना जोडल्या. लुंडीनला फोन केला तर तो ॲरिझोनात उन्हात पाय पसरून बसलाय, म्हणतो तुला हवं ते कर. मग मी डोकं चालवलं. गाडी पहिल्यांदा कुठे धडकते? रस्त्याकडच्या—"

"ग्लेन, मला सुतारकाम ऐकायला वेळ नाही."

"बरं बाई, राहिलं," म्हणून तो पुन्हा ठोकू लागला.

शुक्रवार परवावर आला होता, आणि रोवेनाच्या हाताला काही लागलं नव्हतं. गाडीत बसून तिने दार इतक्या जोरात आपटलं की टपावरचा बर्फ काचेवर घसरला. आता उरली केसी. आणि ती जर खोटं बोलत असेल, तर ते सिद्ध कसं करायचं, हे रोवेनाला मुळीच सुचत नव्हतं.

४

केसी ब्रान्ट गावातल्या खानावळीत वाढपाचं काम करायची. दुपारची गर्दी ओसरल्यावर ती रोवेनाच्या टेबलाशी येऊन बसली आणि मीठदाणी फिरवत राहिली.

"मिसेस क्विस्ट, मी ठेवली हो. देवाशप्पथ ठेवली."

"घरी जाऊन हातात का नाही दिलीस?"

"लॉरेनच्या समोर उभं राहायचं?" केसीचे डोळे भरले. "तीन वर्षं प्रत्येक नाताळला मला मोजे विणून दिलेत तिने. मला जमलंच नसतं."

"म्हणून पेटीत! कायद्याने मना आहे ते, ठाऊक आहे?"

"आता ठाऊक झालं. तेव्हा वाटलं, पेटी तर त्यांचीच."

रोवेनाने कपाळाला हात लावला. ज्याला कुणाला तोंड चुकवायचं असतं तो टपालपेटी उघडतो, आणि मग तिचा पोस्टमन चोर ठरतो. तिला पोरीची कीवही येत होती आणि तिचे कान उपटावेसेही वाटत होते. "सांग," ती म्हणाली. "गाडीतून उतरलीस. मग?"

"त्यांची पेटी, रस्त्याकडची शेवटची. सगळ्या पेट्यांवर बर्फ थापलेला होता. दार घट्ट बसलेलं, दोन्ही हातांनी ओढलं. अंगठी जेवणाच्या कागदी पिशवीत गुंडाळली होती, ती अगदी आत सरकवली. मग लॉरेनला कळावं म्हणून झेंडी वर करायला गेले."

"झेंडी पोस्टमनसाठी असते, पोरी! पाठवायचं टपाल आहे एवढाच तिचा अर्थ!"

"केली कुठे? वर होईचना. गोठली होती. नखं तुटली माझी, पण ती जागची हलली नाही. मग मलाच हसू आलं. रडता रडता झेंडीशी मारामारी करतेय म्हणून. आणि निघून गेले."

म्हणजे ग्लेनने पाहिलं ते खरं होतं. जाताना ती रडत नव्हती. रोवेनाने कॉफीचा कप उचलला, आणि तो तसाच हातात राहिला.

"पेटीत आणखी काय होतं?" तिने विचारलं.

"काही नाही. रिकामी होती."

"कार्डं? पाकिटं?"

"काहीच नाही, मिसेस क्विस्ट. का?"

रोवेना उठली. कोट घालताना एक बाही उलटीच राहिली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "कामाचा सदरा बदल आणि माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "आणि आज कितीही रडू आलं तरी पळायचं नाही."

५

"ग्लेन," गॅरेजच्या दारातूनच रोवेना ओरडली, "मी तुझं बोलणं तोडलं होतं. पुरं कर!"

"आता आलं होय सुतारकाम आठवणीत?"

"हात जोडते. गाडी पहिल्यांदा कुठे धडकते?"

"रस्त्याकडच्या शेवटच्या पेटीवर. पूर्वी तिथे हॅगबर्गांची असायची, आणि चेपली की लॉरेन माझ्याच नावाने खडे फोडायची. म्हणून या खेपेला लुंडीनची तिथे लावली. ते वसंतापर्यंत येत नाहीत, चेपली तर कुणाचं काय जातंय? लॉरेनची मधे घेतली."

"आणि हे केसीला कुणी सांगितलं?"

ग्लेनचा हातोडा थांबला. "केसीला कशाला सांगायचं? ती तर महिनाभर इकडे फिरकलीच नव्हती."

रोवेनाने तिथूनच ॲरिझोनाला फोन लावला. परक्याची पेटी उघडायची तर मालकाची परवानगी हवी, हे तिने आयुष्यभर इतरांना सुनावलं होतं.

"माझ्या पेटीत अंगठी?" ऑर्व्हिल लुंडीन फोनवर ओरडला. त्याला कमी ऐकू यायचं. "बायकोला सांगू नका हं! तिला वाटेल मी आणली!"

"ऑर्व्हिल, उघडू का?"

"उघडा की! आत काही खायचं असेल तर तुम्हाला ठेवा!"

अर्ध्या तासात सगळे पेट्यांपाशी बर्फात उभे होते. लॉरेन आणि केसी एकमेकींकडे बघत नव्हत्या, डेरेक दोघींकडे बघत नव्हता. मर्लला रोवेनाने फोन केला होता. "माझी चौकशी शुक्रवारी आहे," एवढंच बोलून त्याने ठेवून दिला.

"हे कशासाठी?" लॉरेन म्हणाली. "गारठून मरायची वेळ आली."

"लॉरेन, मंगळवारी सकाळी तू कार्डं ठेवलीस आणि झेंडी वर केलीस. बरोबर?"

"शंभर वेळा सांगितलं."

"मर्ल आला तेव्हाही ती वरच होती. म्हणजे मधल्या वेळात केसी आली तेव्हा तुझी झेंडी वर आणि पेटीत कार्डं. आता केसी, तू सांग. झेंडी कशी होती?"

"खाली," केसी म्हणाली. "गोठलेली."

"आणि पेटी?"

"रिकामी."

डेरेकच हळूच म्हणाला, "मग ती आमची पेटीच नव्हती."

"हिला खोटंच बोलायचं असतं तर गोठलेल्या झेंडीची गोष्ट कशाला रचली असती?" रोवेना म्हणाली. "लॉरेनची झेंडी रोज वरखाली होते, ती गोठेल कशी? जी झेंडी जानेवारीपासून कुणी हलवली नाही, तीच गोठणार. लुंडीनचं टपाल ॲरिझोनाला जातं, म्हणून मर्ल ही पेटी उघडत नाही. केसीने डोळ्यांतल्या पाण्यात जुन्या सवयीने रस्त्याकडची शेवटची पेटी उघडली. नंबर बर्फाखाली. ग्लेन, तुझा थर्मास आण."

ग्लेनने दाराच्या कडेवर गरम कॉफी ओतली. दार कुरकुरत उघडलं. रोवेनाने कोपरापर्यंत हात घातला आणि तपकिरी कागदी पिशवी बाहेर काढली.

अंगठी लॉरेनच्या तळहातावर पडली. केसी पुढे आली. "मी घरी यायला हवं होतं," ती म्हणाली. "मला तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती." लॉरेनने तिला जवळ ओढलं, आणि दोघी तिथेच रडू लागल्या.

रोवेनाला बरं वाटायला हवं होतं. पण तिचा राग काही निवेना. "झालं ना?" ती म्हणाली. "आता मर्लकडे कोण जातंय?"

लॉरेनने नाक पुसलं. ग्लेनने थर्मासचं झाकण लावायला घेतलं. डेरेक म्हणाला, उशीर झालाय, उद्या बघू.

६

चौकशी रद्द झाली. सोमवारी मर्ल कामावर आला तो मोठं खोकं उचलून. त्याने ते रोवेनाच्या टेबलावर आदळलं.

"हे माझ्या घरच्या पेटीत होतं," तो म्हणाला. "जे मावलं नाही ते पेटीला दोरीने बांधलेलं."

खोक्यात केळ्याचा केक होता, स्ट्रॉबेरीचा मुरंबा, भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं भांडं आणि लिंबाचे बार. चिठ्ठी एकाही वस्तूवर नव्हती.

"गावाला पश्चात्ताप झालेला दिसतो," रोवेना म्हणाली.

"गावाला पेटी सापडली," मर्ल म्हणाला. "मला चोर म्हणताना रांगेत उभं राहून म्हटलं, रोवेना. आणि हे काय, अंधारात पेटीत कोंबून पळून जायचं? एकानेही दार वाजवलं नाही. मी घरातच होतो! खिडकीतला दिवा चालू होता!" तो खाली बसला. "मला नको हे. तिकीट नाही एकावरही. तुझा नियम काय सांगतो?"

"टपालखर्च वसूल करायचा किंवा पाठवणाऱ्याला परत."

"पाठवणारा कोण, ते कुठे लिहिलंय?"

रोवेना भांड्यांकडे बघत राहिली. मग तिने हॉटडिशचं भांडं उचलून उपडं धरलं. तळाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर निळ्या शाईत शूट्झ. बारांचा ट्रे उलटा केला. हॅगबर्ग. चर्चच्या जेवणावळीत भांडी अदलाबदल होऊ नयेत म्हणून इथल्या प्रत्येक बाईने जन्मात एकदा आपल्या भांड्याखाली नाव चिकटवलेलं असतं. निनावी पुण्य करतानाही ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ती कित्येक दिवसांनी हसली. मग तिने सूचनेच्या चिठ्ठ्या काढल्या आणि एकेक नाव लिहू लागली. आपली बिनतिकिटाची वस्तू पोस्टात अडकून पडली आहे. स्वतः येऊन सोडवून न्यावी.

"आज तू गाडीवर जायचं नाहीस," ती म्हणाली. "चिठ्ठ्या बदली पोस्टमन टाकेल. उद्या तू खिडकीवर बस."

"मी? खिडकीवर?"

"मला मागे काम आहे."

तिला मागे काहीही काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडद्याआड रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालत उभी होती, तेव्हा दाराची घंटी वाजली. लॉरेन हॅगबर्ग आत आली. तिच्यामागे ग्लेन होता, आणखी दोघं होते. खिडकीत मर्लला बघून लॉरेन जागीच थबकली आणि वळायला लागली, पण मागे ग्लेन दारात उभा होता.

"काय हवंय, लॉरेन?" मर्लने विचारलं.

लॉरेनने चिठ्ठी पुढे सरकवली. "ते... माझा ट्रे."

मर्लने ट्रे काढून समोर ठेवला, पण हात त्याच्यावरून उचलला नाही. लॉरेनने पाकीट उघडलं, मिटलं. रांगेतले पाय जमिनीवर चुळबुळले. ज्या जागी उभी राहून ती आठवड्यापूर्वी बोलली होती, त्याच जागी ती आता उभी होती.

"मर्ल टॉफ्टीने माझी अंगठी चोरली नाही," ती म्हणाली. आधी पुटपुटली, मग मागे वळून रांगेकडे बघत मोठ्याने म्हणाली. "मीच चुकले. ऐकलंत ना सगळ्यांनी?" आणि खिडकीकडे परत वळून, "मर्ल, मला माफ कर."

मर्लने ट्रेवरचा कागद उघडला, एक बार उचलला आणि तोंडात टाकला.

"पुढचा," तो म्हणाला.

ग्लेन शूट्झ टोपी हातात घेऊन पुढे सरकला.